हद्दीत परत

मी निवळीचा पोलीस पाटील, नाव भिवाजी. मला राग लवकर येतो, हे गावात कुणालाही विचारा. माझ्या बायकोला विचारायची गरज नाही, ती न विचारताच सांगेल. पाटीलकी मला वडिलांकडून आली, राग आईकडून आला, आणि कमरबीची वही सरकारकडून आली. या तिन्हींत वहीनं मला जितकं छळलं तितकं बाकी कशानंच नाही.

कमरबी म्हणजे आमच्या मुलाण्याची मुलगी. गावात मुलाण्याचं एकच घर. जत्रेला किंवा नवसाला बोकड कापायचा तो मुलाण्याच्याच हातानं. त्याशिवाय आमच्यातला एकही माणूस त्या मटणाला तोंड लावत नाही. हा मान त्यांच्याकडं किती पिढ्यांचा आहे कोण जाणे. आता तो तिच्या धाकट्या भावाकडं, अमजदकडं आहे. कमर माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पोरपणी करवंदं काढायला आमच्यात असायची आणि माझ्यापेक्षा जास्त काढायची, तेव्हाही मला तिचा रागच यायचा. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा कराचीच्या गोदीत कामाला, म्हणून ती कराचीला गेली. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. सातारा, नगर, तसं कराची. पुढं देश वेगळे झाले आणि आमची कमर बसल्या जागी परदेशी झाली.

सत्तावन्न साली तिचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. तिकडचा पासपोर्ट काढून, त्यावर इकडचा तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन ती बोटीनं मुंबईला उतरली आणि भावाच्या घरी आली. तीन महिने संपले. मुदत वाढवून मिळाली, तीही संपली. परत मिळाली, परत संपली. एकोणसाठच्या जानेवारीत शेवटची मुदत गेली, तोवर तिनं पुण्याला अर्ज केला होता की मला इथलीच नागरिक करून घ्या. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत काय करायचं, याचा एक कागद माझ्याकडं आला. बाईंनी मौजे निवळीच्या हद्दीत राहावे. दर सोमवारी पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी. लेखी परवानगीवाचून हद्द सोडू नये. सोडल्याचे आढळल्यास अर्ज नामंजूर करून बाईंना सरहद्दीपार पाठवण्यात येईल.

मी तो कागद तिला चावडीच्या पायरीवर वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, "दादा, तितं माझं कोन हाय?" मी म्हणालो, ते कागदाला ठाऊक नसतं.

तेव्हापासून ती वही सुरू झाली. दर सोमवारी तारीख टाकायची, पुढं 'हजर' लिहायचं आणि तिचा अंगठा घ्यायचा. मधे तीनदा तिला अर्जाच्या कामासाठी परवानगी घेऊन पुण्याला जावं लागलं. ती निघाली की मी लिहायचं, 'हद्द सोडली'. परत आली की लिहायचं, 'हद्दीत परत'. ती एसटीतून उतरून चढ चढून यायची ती घरी जायच्या आधी माझ्या दारात. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून म्हणायची, "भिवादादा, घेतोस का आत?" ती थट्टेनं म्हणायची, पण मला तोंड वर करून बघवत नसे. जिच्या आईच्या हातचा शिरखुर्मा खाऊन मी वाढलो, तिला गावात घेतल्याचं मी लिहून द्यायचं. मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी तिच्यावरच खेकसायचो, अंगठा नीट उठव म्हणून.

आता गावाचं सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही.

आमचं गाव पूर्वी खाली खोऱ्यात होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना मुळशीचं धरण झालं आणि पाणी चढत चढत वेशीपर्यंत आलं. लोकांनी घरांची आढी, वासे, दारं उतरवली आणि डोंगराच्या अंगाला जिथं जागा मिळाली तिथं नेऊन परत उभी केली. कमर तेव्हा सहा वर्षांची. डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेऊन ती माझ्यापुढं चढ चढत होती, ते मला अजून दिसतं. सगळं वर आलं, देवी तेवढी खाली राहिली. वाघजाई ही तांदळा आहे, जमिनीतून उगवलेली शिळा, ती उचलता येत नाही. आठ महिने ती पाण्यात असते. वैशाखात पाणी मागं हटतं, मग तिचा चौथरा आणि जुन्या घरांची जोती उघडी पडतात.

दर तिसऱ्या वर्षी वैशाखात आख्खं गाव एक दिवस तिच्याकडं जातं. खाली कोकणात गावपळण म्हणतात, तसलाच प्रकार. आमच्यात नुसतं 'बाहेर पडणं' म्हणतात. पहाटे चुली विझवायच्या आणि सगळ्यांनी निघायचं. म्हातारी, बाळंतीण, गुरं, कुत्री, कोंबड्या, काही म्हणून मागं ठेवायचं नाही. दिवसभर गावात धूर दिसता कामा नये. दिवेलागणीला परत यायचं, तेही असंच घुसायचं नाही. वाटेवरच्या उंबरापाशी दोन दगड आहेत, ती आमची वेस. तिथं गुरव देवीच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहतो आणि प्रत्येकाला विचारतो, कुणाच्या घरचं? आपण घराचं नाव सांगायचं, तो पाणी शिंपडतो, मग आत. बरोबर पाहुणा असेल तर घरच्यानं सांगायचं, आमचा पाव्हणा. ज्याचं घर सांगायला कुणी नाही, त्याला त्या दिवशी आत घेत नाहीत.

एकोणसाठ साल हे बाहेर पडायचं वर्ष होतं. आता बघा माझी दशा. कागद म्हणतो कमरबीनं हद्द सोडायची नाही. देवी म्हणते गावात कुणी राहायचं नाही.

मी माझ्याकडून शहाणपणा केला. महिनाभर आधी ठाण्यात अर्ज पाठवला, की अमुक तारखेस संपूर्ण गाव रूढीप्रमाणे हद्दीबाहेर जाणार आहे, तरी सदर बाईंस एक दिवस हद्द सोडण्याची परवानगी मिळावी. अक्षर घोटून लिहिला होता. उत्तर आलं नाही. ठाण्यात नवे फौजदार आलेत, एवढंच कळलं. मी दुसरा अर्ज पाठवला. त्याचंही उत्तर नाही.

आदल्या दिवशी कमरबी स्वतःच आली. म्हणाली, मी घरात दार लावून बसते. चूल पेटवत नाही, आवाज करत नाही, कुणाला कळणार नाही. गेणबा गुरव तिथंच बसला होता. देवीला कळंल की, तो म्हणाला. मी गुरवावर ओरडलो, मग कमरबीवर ओरडलो. माझी बायको रत्नाबाई आतून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, कमरला एकटीला मागं ठेवणार असाल तर मीपण तिच्याजवळ राहते, मग पाटलीण मागं राहिली म्हणून गाव काय बोलायचं ते बोलू दे. आमच्या घरात शेवटचा शब्द असाच येतो. मी सांगून टाकलं, कमर गावाबरोबर येणार, आणि काही झालंच तर ते माझ्या डोक्यावर. म्हणायला म्हणालो, पण त्या रात्री तो कागद परत काढून वाचला. माझी फार तर पाटीलकी गेली असती. तिचं गाव गेलं असतं, आणि या खेपेला कायमचं.

पहाटे आम्ही निघालो. गावात कुणी नसताना कागदपत्रं ठेवायची नाहीत, म्हणून तलाठ्यानं आपलं दप्तर फडक्यात बांधून बरोबर घेतलं. मीही माझ्या वह्या पिशवीत घातल्या. तलाठी परगावचा, पण मटणाच्या दिवशी तो कधी चुकला नाही. वेशीच्या दगडांपाशी कमरबी थांबली. मी म्हणालो, चल. तिनं आधी उजवा पाय टाकला आणि बाहेर आली. वहीत मी काही लिहिलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायचा धीर नव्हता.

खाली पोचल्यावर मात्र सगळे विसरले. गेणबानं देवीला शेंदूर लावला. अमजदनं बोकड कापला. जुन्या घरांच्या जोत्यांवर ज्याची त्यानं चूल मांडली. प्रत्येकाला आपलं जोतं माहीत असतं, पोराबाळांनासुद्धा. कमरबी मुलाण्याच्या जोत्यावर बसून भाकऱ्या थापत होती आणि शेजारच्या जोत्यावरच्या रत्नाशी काहीतरी बोलून हसत होती. ती तिकडून आल्यापासून इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती. मला वाटलं, जाऊ दे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, कोण बघतंय.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा चढणीवरून खाकी कपड्यातला एक माणूस उतरताना दिसला.

ते नवे फौजदार. तिशीच्या आतले, पुण्याचे, अंगावरचा सदरा घामानं चिकटलेला. सायकल ढकलत गावापर्यंत चढले होते. वर पाहतात तो माणूस नाही, कुत्रं नाही, कोंबडी नाही, चुलीचा धूर नाही, चावडीला कुलूप. त्यांना वाटलं पटकी आली. घराघरात डोकावून हाका मारत फिरले. शेवटी खाली पाण्याच्या कडेला धूर दिसला, तेव्हा सायकल चावडीला टेकवून पायीच उतरले. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर खिशातून दोन कागद काढले.

एक पुण्याचं पत्र होतं. कमरबीच्या अर्जावर निकाल द्यायचा आहे, तरी अधिकाऱ्यानं समक्ष जाऊन, बाई नेमून दिलेल्या हद्दीत सलग राहतात की नाही याची खात्री करावी आणि तसा अहवाल पाठवावा. दुसरा कागद माझा अर्ज होता.

"त्या बाई कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

 वाटलं सांगावं, आजारी आहे, माहेरी गेली, काहीही. पण तिचं माहेर तेच, आणि ती पुढ्यातच होती. ती उठली, हाताचं पीठ पदराला पुसलं आणि समोर आली. मीच ती, म्हणाली.

फौजदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बाई म्हणून हाक मारली, तिचं नाव, वय, नवऱ्याचं नाव नीट विचारून घेतलं. मग माझ्याकडं वळले. "पाटील, तुमच्याच हाताचं लिहिलेलं आहे, गाव हद्दीबाहेर जाणार, बाईंना परवानगी मिळावी. परवानगी दिलेली नाही. तरी बाई इथं आहेत. मी अहवालात दुसरं काय लिहू?"

 घोटून काढलेलं माझंच अक्षर माझ्यासमोर धरलेलं होतं.  अमजद सुरी पुसता पुसता तसाच राहिला. कमरबी खाली बघत होती. मी चुकलो, साहेब, मला काय करायचं ते करा, हिला पाठवू नका, असं काहीसं मी म्हणालो असेन. पुरतं आठवत नाही.

तेवढ्यात कुशाबा बोलला. कुशाबा हा गावातला सगळ्यात जुना माणूस, धरण झालं तेव्हाच त्याला नातवंडं होती. त्याला चार पोरांनी डोलीत घालून आणलं होतं आणि देवीच्या चौथऱ्याला टेकवून बसवलं होतं. मला वाटत होतं तो झोपलाय.

"हे बाहीर कसं?" तो म्हणाला. "हेच गाव हाय. निवळी हीच. वर हाय ते करंजवण्याचं रान."

मला त्याच्या तोंडात भाकरी कोंबावीशी वाटली. त्याच्या पहिल्या वाक्यानं कमर वाचत होती आणि शेवटच्यानं बुडत होती. आणि म्हातारा खरं तेच बोलत होता. गाव वर न्यायचं ठरलं तेव्हा निवळीच्या हद्दीत कोरडी जमीन उरलीच नव्हती. शेजारच्या करंजवण्यानं आपल्या माळावर घरं बांधू दिली, नारळ आणि पानसुपारी घेऊन. पुढं करंजवणे आणि निवळी एकाच तलाठ्याकडं, त्यामुळं कुणाला कधी अडलं नाही. मी वर वाढलो, वर लग्न केलं, वर पाटील झालो. ज्याला मी पस्तीस वर्षं निवळी म्हणत आलो ती निवळी नाही, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. माझ्याच काय, सगळ्या गावाच्या.

फौजदारांनी गावचा नकाशा आहे का विचारलं. तलाठ्याला दप्तर सोडावंच लागलं. बोकडाच्या वासातच त्यानं नकाशा जोत्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले. फौजदार गुडघ्यावर बसले. ओढा सापडला, देवीचा चौथरा सापडला, सभोवतालची घरं बारीक चौकोनांनी दाखवलेली. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, ही जागा मौजे निवळीच्या हद्दीत आहे. आतमध्ये, अगदी मधोमध.

कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. मी नाही सोडला, कारण त्यांचं बोट चढणीवरून वर सरकत होतं. ते निवळीची रेघ ओलांडून करंजवण्यात गेलं आणि थांबलं.  त्यांच्या कपाळावरून मला सगळं दिसत होतं. आज ही बाई हद्दीत आहे. बाकी सगळे दिवस नव्हती.

तेव्हा मला राग आला. आयुष्यात इतक्या वेळा आला, पण कामाला आला तो त्याच दिवशी.

मी म्हणालो, "साहेब, लिवायचं तर समदं लिवा. एकट्या बाईचं नको. पाटील हद्दीत ऱ्हात न्हाई. चावडी हद्दीत न्हाई. शाळा हद्दीत न्हाई. आन गेल्या तीस वर्सांत तुमच्या खात्याचं जे जे सायेब तपासणीला आले, त्यांनी 'मौजे निवळी येथे समक्ष' म्हणून करंजवण्यात बसून सह्या केल्यात. त्यांचीबी नावं देतो. वही हाय माझ्यापाशी."

आणि पिशवीतून सगळ्या वह्या काढून त्यांच्यापुढं टाकल्या. कमरबीचीही.

त्यांनी बाकीच्यांना हात लावला नाही. कमरबीची वही उघडली. एकेक पान उलटत गेले. हजर, हजर, हजर, अंगठा. हद्द सोडली. हद्दीत परत. मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि जरा हळू विचारलं, की बाई, तुम्ही गाव सोडून नेमक्या केव्हा आणि का गेलात, ते तुमच्या शब्दांत सांगा.

कमरबी म्हणाली, "सायेब, गाव पान्यात गेलं तवा गावासंगं वर गेले. लगीन झालं तवा नवऱ्यासंगं गेले. नवरा गेला तवा परत आले. माझं म्हनून मी कुटंच गेले न्हाई."

 फौजदारांनी नकाशावरचे धोंडे एकेक करून काढले, नकाशाची घडी घातली आणि तलाठ्याच्या हातात दिली. तलाठ्याला म्हणाले, नीट बांधा, वाऱ्यानं उडेल. वारा नव्हता. मग मांडीवर कागद घेऊन त्यांनी लिहिलं आणि लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. अर्जदार बाई तपासणीच्या दिवशी मौजे निवळीच्या हद्दीत समक्ष हजर आढळल्या. आल्यापासून परवानगीचे दिवस वगळता त्यांचे वास्तव्य गावकऱ्यांसोबत सलग आहे. अर्ज मंजूर करण्यास हरकत दिसत नाही.

"यातलं काही खोटं आहे का, पाटील?" त्यांनी विचारलं.

काहीच खोटं नव्हतं. मी सही केली. त्या सहीत घोटून काढलेल्या अक्षराचा पत्ताच नव्हता. मला रडू आलं. रत्नानं विचारलं, धूर लागला का. मी म्हणालो, नाही, रडतोय. बाजूला अमजद खाली बसला होता आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत होता. कमरबी तेवढी उभी होती. ती चुलीकडं गेली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती जळून गेली होती.

फौजदार जेवायला थांबले. आधी नको म्हणाले, मी कामावर आहे म्हणाले. कुशाबानं विचारलं, सायेब, मग तुमची हद्द कंची? ते हसले आणि बसले. भाकरी मुलाण्याच्या जोत्यावरून आली, रस्सा आमच्या. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पुण्याच्या माणसाला हे शोभत नाही असं तलाठी नंतर म्हणाला, तो स्वतः पाच खाऊन.

पुढं श्रावणात पुण्याहून कागद आला, शिक्क्याचा, आणि कमरबीची वही बंद झाली. पण माझ्या लेखी ती गोष्ट त्याच संध्याकाळी संपली, म्हणून तेवढी सांगून थांबतो.

ऊन उतरल्यावर आम्ही वर निघालो. फौजदारही आमच्याबरोबर निघाले, कारण त्यांची सायकल चावडीला टेकलेली होती. चढावर ते माझ्याशी शेतीभातीचं बोलत होते. उंबरापाशी रांग लागली. गेणबा तांब्या घेऊन दोन दगडांच्या मधे उभा होता. कुणाच्या घरचं? पाटलाचं. पाणी, आत. कुणाच्या घरचं? सुताराचं. पाणी, आत. मी सगळ्यांच्या आधी आत आलो होतो आणि पलीकडं उभा राहून माणसं मोजत होतो, ते माझं कामच आहे.

अमजदचं घर आलं. गेणबानं विचारलं आणि अमजदच्या आधी कमरबीनंच उत्तर दिलं, "मुलाण्याचं." पंचवीस वर्षांनी ती या दगडांमधून नाव सांगून आत येत होती. गेणबानं तिच्यावर पाणी शिंपडलं, जरा जास्तच शिंपडलं, आणि ती आत आली. माझ्याकडं तिनं पाहिलं. 'घेतोस का आत' असं काही म्हणाली नाही.

तिच्यामागं फौजदार होते. ते सरळ चालत आले तर गेणबानं हात आडवा केला.

"कुणाच्या घरचं?"

ते म्हणाले, मी फौजदार आहे. ते मला ठावं हाय, गेणबा म्हणाला, मी घर इचारतोय. फौजदारांना वाटलं थट्टा चालली आहे, पण गेणबा देवीच्या कामात थट्टा करत नाही. त्यातून हा माणूस सकाळी गाव रिकामं असताना कुणाला न विचारता आत फिरून आला होता, घराघरात डोकावला होता, हेही गेणबाच्या मनात होतं. सायकल आत, ते बाहेर, खिशात पुण्याचा हुकूम आणि सही झालेला अहवाल, आणि पुढं गुरवाचा हात. मागं रांग थांबली. फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. तीन खेपा माझ्या उंबऱ्याबाहेर कमर असाच चेहरा घेऊन उभी होती.

सरकारी पाहुण्याचं नाव घ्यायचा मान पाटलाचा. मी तोंड उघडलंही. पण कमरबी मागं वळली होती.

"मुलाण्याच्या घरचा पाव्हणा हाय," ती गेणबाला म्हणाली. "माझ्या हातची भाकर खाल्लीया त्यानं. घे आत."

गेणबानं हात खाली घेतला आणि पाणी शिंपडलं. फौजदारांनी टोपी काढून काखेत धरली. दगडांपाशी येऊन ते क्षणभर थांबले, त्यांचा एक पाय बाहेरच होता.

"येऊ ना आत?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला विचारलं.

"या की," कमरबी म्हणाली. "मी हाय न्हवं."